कुठला फोर्तुनातो

तिसऱ्यांदा केलेली कॉफीही शेवटी मोरीतच गेली. नेरीनाने भांडं विसळलं, पुन्हा भरलं आणि शेगडीवर ठेवलं. हे आपण कोणासाठी करतोय, असं मनात आलं तरी हात थांबले नाहीत. बाहेरच्या खोलीत वडील शवपेटीत निजले होते. त्यांच्या भोवती, चारी भिंतींना लावून, इसेओ काकांनी भाजीच्या गाड्यावर घालून आणलेल्या चर्चच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या सकाळपासून रिकाम्या होत्या. टेबलावर कडक गोल बिस्किटांची परडी होती. ग्राप्पाची बाटली होती, छोटे पेले होते. सगळं होतं. माणसं नव्हती.

शेजारची दोन घरं सकाळी येऊन गेली, त्यांना येणं म्हणता येत नाही. ती चपला न घालताही आली असती.

आई उशाशी बसली होती. हात मांडीवर, नजर दाराकडे. एल्दाबाई आयुष्यात कधी इतका वेळ गप्प बसल्याचं नेरीनाला आठवत नव्हतं.

"धुकं आहे, आई," ओरेस्ते म्हणाला. तो खिडकीशी उभा होता आणि खिडकीबाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. रादिक्योच्या भाजीचे वाफे दिसत नव्हते, पाण्याचा पंप दिसत नव्हता, पलीकडचा समुद्र तर सोडूनच द्या. "लोक निघाले असतील. पण अशा धुक्यात..."

"सोत्तोमरीनात धुकं आज पहिल्यांदा पडलंय का?" आई म्हणाली. "तुझे वडील असल्या धुक्यात चालत जायचे. काठी टेकत टेकत. कोण मेलं, कुणाचं मेलं, चुलत की मावस, काही बघायचे नाहीत. हातातली भाजीची जुडी अर्धी बांधलेली टाकून जायचे."

ते खरंच होतं. काळी टोपी दाराशी खिळ्यावर असायची ती फक्त त्यासाठीच. गावात कुणाचीही पेटी उचलली गेली की मागे वडील, म्हणजे फोर्तुनातो, चालायचेच. एल्दाबाईंनी त्यावरून त्यांना किती टोमणे मारले असतील त्याला गणती नाही. तुमच्या बुटांचे तळ दुसऱ्यांच्या मढ्यांमागेच झिजणार, म्हणायच्या. ते हसायचे आणि म्हणायचे, आपल्या वेळी मागे चालायला कुणी हवं ना, एल्दा. आता त्यांची वेळ आली होती, पाद्रीबाबा दुपारी न्यायला येणार होते आणि मागे चालायला घरातली पाच माणसं होती, त्यातल्या इसेओ काकांचा एक पाय निकामी.

"पाद्रीबाबांना तरी विचारू या का?" जुलिआना वहिनी म्हणाली. मिलानची बाई, काळा सूट अगदी मापात शिवलेला, पण सकाळपासून खुर्च्या सरळ करत होती, तिच्या परीने. "त्यांनी प्रार्थनेत सांगितलं असेल ना?"

"ते नवीन आहेत," नेरीना म्हणाली. "विचेन्झाकडचे. त्यांना अजून आमच्यातला कुठला कोण ते कळत नाही."

"म्हणजे?"

काय सांगणार. नेरीनाला शाळेतला पहिला दिवस आठवला. उदिनेहून आलेल्या बाईंनी हजेरी घेताना "बोस्कोलो" म्हटलं आणि अर्धा वर्ग उभा राहिला. उरलेला अर्धा "तिओझ्झो" म्हटल्यावर. बाई रडायच्या बेतात होत्या. ही वाळूची पट्टीच अशी आहे. कोळी, माळी, न्हावी, नगरपालिकेतला कारकून, सगळे बोस्कोलो, आणि त्यांतले निम्मे पुरुष गावच्या दोन संतांच्या नावांचे, फेलिचे नाहीतर फोर्तुनातो. म्हणून तर प्रत्येक घराला मागे एक टोपणनाव लागतं. त्याशिवाय पोस्टमनला पत्र टाकता येत नाही, आणि मुलगी बघायला आलेली माणसं भलत्याच घरात कॉफी पिऊन जातात.

दार ढकलून इसेओ काका आत आले. सिगारेट आणायच्या निमित्ताने चौकात बघायला गेले होते. टोपीवरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी दुखरा पाय लांब करून एक शिवी पुटपुटली, मग वहिनीकडे बघून ती अर्धी गिळली.

"ओरेस्ते," ते म्हणाले, "चौकातल्या भिंतीवरचा मयताचा कागद कुणी छापून घेतला?"

"मी. काल पादोव्हाहून पेटीबरोबर निघायच्या आधी छापखान्यात फोन केला होता. का?"

"काय लिहायला सांगितलंस?"

"नाव, वय, चर्च, वेळ. अजून काय लिहितात?"

"नाव कुणाचं?"

"काका, काय विचारताय? बाबांचं."

"हो का? मग त्या कागदाखाली सकाळपासून अर्धं गाव उभं होतं आणि मेलं कोण ते एकालाही कळलं नाही, ते कसं काय?" काका खुर्चीत मागे टेकले. "फोर्तुनातो बोस्कोलो. बस. एवढंच. अरे, कुठला फोर्तुनातो?"

शेगडीवरचं भांडं खदखदायला लागलं होतं, नेरीनाने ते ऐकलं आणि ती जागची हलली नाही.

काकांनी मग सगळं सांगितलं, न्हाव्याने त्यांना सांगितलं तसं. पहाटे कागद लागला. पहिल्या बाईने वाचला आणि ठरवलं की हा कॅम्पानोन. फोर्तुनातो बोस्कोलो कॅम्पानोन, वय जवळपास तेच, आणि गेल्या आठवड्यात खोकत होता. झालं. माणसं कॅम्पानोनच्या दारात. पुष्पचक्रंही तिकडेच. त्याच्या मेव्हणीने जिन्यातच हंबरडा फोडला, आणि दार उघडलं तर समोर कॅम्पानोन, रात्रीच्या सदऱ्यात, हातात पावाचा तुकडा. ती त्याच्या गळ्यात पडली, मग त्याला मारायला धावली. मग गाव दुसऱ्या फोर्तुनातोकडे गेलं. तो जिवंत. तिसरा बोटीवर. चौथ्याच्या बायकोने बादली ओतली म्हणे.

"आणि आपल्याकडे?" आईने विचारलं. "आपल्याकडे कुणालाच यावंसं वाटलं नाही? ते महिनाभर पादोव्हाच्या इस्पितळात होते, हे गावाला ठाऊक आहे."

"वाटलं असतं, वहिनी. पण न्हावी काय म्हणाला ऐका. म्हणाला, 'पेर्सो असता तर पेर्सो लिहिलं असतं की.' आता यावर काय बोलणार? बरोबरच आहे त्याचं. टोपणनाव नाही म्हणजे हा इथला नाहीच. रोव्हिगोकडचा कुणी परका बोस्कोलो असेल, असं ठरलं, आणि सगळे जेवायला घरी गेले. मी त्याला सांगितलं खरं, की बाबा रे, माझाच भाऊ गेलाय. पण तो एकटा आता किती दारं ठोठावणार, आणि माझा हा पाय."

"पेर्सो?" जुलिआना वहिनीने विचारलं. "पेर्सो कोण?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग ओरेस्तेकडे.

"आपण," नेरीना म्हणाली. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. "आपण सगळे. बोस्कोलो पेर्सो."

"पेर्सो म्हणजे हरवलेला?"

"तोच अर्थ. किंवा हरलेला."

वहिनी हळूच खाली बसली. तिच्या लग्नाला मुलगा शाळेत जाण्याइतकी वर्षं झाली होती, दारावर पितळी पाटी होती, ओरेस्ते बोस्कोलो, विमा. "मला हे कधीच सांगितलं नाहीस," ती नवऱ्याला म्हणाली. रागावली नव्हती, नुसती गोंधळली होती. "मग माझं नाव काय आहे? पाओलोचं काय आहे?"

"बोस्कोलोच आहे. कागदावर कधी असतं ते, कधी नसतं. बाबांच्या विजेच्या बिलावर होतं, पेन्शनवर नव्हतं. त्याला काही अर्थ नाही, जुलिआना, ती इथली खेडवळ पद्धत आहे." ओरेस्ते आता खिडकीपासून वळला होता. "आणि अहो, माणसाने विमा कुणाकडे उतरवायचा, हरवलेल्याकडे? पहिल्याच वर्षी साहेब सगळ्यांसमोर हसला होता. मी ते तेव्हाच काढून टाकलं."

"तू तुझं काढ," आई म्हणाली. "त्यांचं का काढलंस?"

"कारण ते माझे वडील होते. भिंतीवर सगळ्यांनी वाचावं असा शेवटचा कागद, आणि त्यावर मी 'हरवलेला' लिहू? एवढं चांगलं नाव आहे आपलं. बोस्को, रान. रानातली माणसं. तेवढंच राहू दे म्हटलं, स्वच्छ."

"रान," काका म्हणाले. "इथे दातकोरणं करायला झाड नाही. आजोबा म्हणायचे, आपण डोंगराखालच्या रानातून लाकडं घेऊन आलो आणि इथेच राहिलो. कुणी म्हणतं जुन्या कुठल्याशा युद्धात सोत्तोमरीना ओस पडली होती, ती पुन्हा वसवायला आणलं. त्यालाही पुरावा नाही. पण पेर्सोचं मात्र मला पक्कं माहीत आहे. आपला खापरपणजोबा धुक्यात हरवला, रात्रभर वाळूत फिरला आणि पहाटे स्वतःच्याच दारावर टकटक करून त्याने बायकोला विचारलं, बाई, सोत्तोमरीना कुठल्या बाजूला? मला फोर्तुनातोनेच सांगितलं."

"काहीतरीच," आई म्हणाली. "तुमच्या भावाने मला लग्नात सांगितलं होतं, वादळानंतर किनाऱ्यावर एक पोर सापडलं, हरवलेलं. ते आपल्या घरात वाढवलं. तोच पहिला पेर्सो."

"म्हणजे आपण बोस्कोलोसुद्धा नाही?" काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मग मी इतकी वर्षं कोण म्हणून भाजी विकली?"

नेरीनाला हसू आलं आणि आपण पेटीशेजारी उभे आहोत हे आठवून ते तिने आवरलं. तिला तर वडिलांनी तिसरंच सांगितलं होतं, ती लहान असताना, गाजरं उपटता उपटता. कुणी आजोबा पत्त्यांत सगळी बाग हरले, अंगातला सदराही हरले. ती गोष्ट ऐकून ती इतकी हसली होती की गाजरांच्या ढिगात पडली. तेव्हापासून ती गोष्ट तिची होती. आता कळत होतं की प्रत्येकाला वेगळी दिली होती, आणि खरी कुठली ते पेटीत निजलेल्या माणसाखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित त्यालाही नसेल. तिला वडिलांचा राग आला, आणि लगेच त्यांची इतकी आठवण आली की तिने पेटीची कड धरली.

"तुला काय सांगितलं होतं रे, दादा?" तिने विचारलं.

ओरेस्ते पेटीजवळ आला.

"मी मिलानला निघालो त्या दिवशी," तो म्हणाला. "स्टेशनवर. माझी ट्रंक वर चढवून दिली आणि म्हणाले, आपल्या घराला पेर्सो का म्हणतात ठाऊक आहे? आपल्यातला एक जण दूर गेला आणि परत आलाच नाही, म्हणून. एवढं बोलून खाली उतरले. गाडी सुटली." त्याने चष्मा काढला आणि पुसत बसला. "ते नाव मला लावून गेले ते. मग मी ते पाटीवर कसं लिहिणार?"

काका आपल्या पायाकडे बघत राहिले. नेरीनाला इतकी वर्षं वाटत होतं की दादाला आपली लाज वाटते. ते खरं होतं की हे खरं होतं, की दोन्ही, काही उमगेना. आणि सगळ्यांच्या आश्चर्याला पारावार राहिला नाही, कारण उठून आईशेजारी जाऊन बसली ती जुलिआना वहिनी. तिने सासूचा हात हातात घेतला. या दोघी आजवर एकमेकींच्या गालाला गाल लावण्यापलीकडे गेल्या नव्हत्या.

"तू चुकलास, ओरेस्ते," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "त्यांना वाटत होतं तू यावंस. एवढंच म्हणत होते ते. आणि आता त्यांच्यामागे कुणी नाही, ते तुझ्यामुळे. जा. चौकात जा, काहीतरी कर."

"काय करू? दारं बंद आहेत, पाद्रीबाबा येतच असतील. लोकांना मी ओळखतही नाही आता."

"दफनच पुढे ढकलू या का?" काका म्हणाले. "उद्यावर?"

"नाही," आई म्हणाली. "महिनाभर परक्या गादीवर होते. आज आपल्या मातीत जातील. कुणी नसलं तर नसलं. मी चालीन." आणि मग, इतक्या वेळात पहिल्यांदा, तिचा आवाज फाटला. "पण ते सगळ्यांकडे गेले होते रे. सगळ्यांकडे."

तेव्हाच दारावर धक्का बसला. टकटक नव्हे, धक्का, कारण येणाऱ्याचे दोन्ही हात भरलेले होते. नेरीनाने दार उघडलं. आधी एक पुष्पचक्र आत आलं, मग दुसरं, आणि त्यांच्या मागून एक लालभडक चेहरा.

"हे तुमचं," फोर्तुनातो बोस्कोलो कॅम्पानोन म्हणाला. "सकाळपासून माझ्या जिन्यात पडलंय. स्वतःचं नाव फितीवर वाचणं बरं नव्हे, एल्दाबाई. भूक मरते."

कॅम्पानोन म्हणजे मोठी घंटा, आणि त्याच्या घराण्यात हळू बोलणारा माणूस आजवर निपजलेला नाही. पण त्याला या घरात पाहून काका चक्क उभे राहिले, दुखऱ्या पायावर. समुद्राचा पूर आला त्या वर्षी वाळू वाहून गेली, दोन बागांमधला बांध गेला, आणि पाणी ओसरल्यावर ह्याने खुंटी इकडे ठोकली, वडिलांनी तिकडे. तेव्हापासून दोन फोर्तुनातो एकमेकांशी बोलले नव्हते. पंपाच्या दोन बाजूंना उभं राहून आभाळाला शिव्या द्यायचे, एवढाच संवाद.

"तुम्हाला कसं कळलं?" नेरीनाने विचारलं. "न्हाव्याने सांगितलं?"

"न्हावी कुठे भेटला मला. नाही, मी घरीच बसून ताडलं." त्याने पुष्पचक्रं भिंतीशी टेकवली आणि टोपी काढली. "सकाळपासून दारात रीघ. मी मेलोय की नाही ते बघायला. ज्यांच्याशी ओळख नाही तेही आले, ज्यांच्याकडे मी कधी गेलो नाही तेही आले. मी एकेकाला शिव्या घालून हाकलत होतो, आणि मनात काहीतरी टोचत होतं. कुणीतरी कमी आहे. कोण, ते कळेना. जेवायला बसलो, घास तोंडात घातला आणि बायकोला म्हणालो, अगं, पेर्सो आला नाही."

तो पेटीकडे बघत होता.

"पादोव्हाहून पेटीत परत आणल्याचं मला ठाऊक नव्हतं. बरा होऊन आला असेल असं वाटलं होतं. आणि माणूस गावात असेल, मी मेलोय असं भिंतीवर लागलं असेल, तर बांध असो नाहीतर नसो, हा पहिला आला असता. पंपावरून आधी एक शिवी घातली असती आणि मग टोपी काढून उभा राहिला असता. तो आला नाही. म्हणजे तोच गेला. दुसरं कारणच नाही."

आई उठली. तिने एक पेला भरून कॅम्पानोनच्या हातात दिला, काठोकाठ. त्याने तो एका दमात रिकामा केला आणि बाहीने डोळे पुसले.

"घास टाकून उठलो," तो म्हणाला. "गल्लीगल्लीत ओरडत आलो. पेर्सो गेला, पेर्सो गेला. या आवाजाचा काही उपयोग व्हायला हवा ना कधीतरी. निघालेत सगळे. पण बाहेर हात समोर धरला तर बोटं दिसत नाहीत. बागांत शिरलेत आणि तुमची वाट कुठली, माझी कुठली, कुणाला उमगत नाही. खुंट्या दिसल्या तर ना."

तेव्हा त्यांनी कान दिला. धुक्यात खरंच माणसं होती. कुठून तरी बाईचा आवाज, कुठून तरी खोकला, कुणाचा तरी पाय पाण्याच्या चरात गेल्याचा आणि त्यावरच्या शिवीचा. मग आणखी आवाज, उजवीकडून, डावीकडून, पंपाच्याही पलीकडून, पुष्कळ, सगळे एकमेकांना विचारत होते की घर कुठे आहे.

"मी हाक मारतो," कॅम्पानोन म्हणाला आणि वळला.

"नको," ओरेस्ते म्हणाला. "तुम्ही बसा."

तो मिलानचे पातळ बूट घालून तसाच बाहेर गेला, अंगणाच्या कडेपर्यंत, आणि तिथे नेरीनाला त्याची नुसती पाठ दिसत राहिली. त्याने दोनदा घसा खाकरला. तिला वाटलं, नाही जमायचं ह्याला.

"इकडे," तो म्हणाला, बेताच्या आवाजात, इस्पितळात बोलतात तसा. मग मोठ्याने, "इकडे या. पेर्सो इकडे आहे."

धुक्यातले आवाज थांबले.

"कोण ते?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "कोण बोलतंय?"

"ओरेस्ते."

"कुठला ओरेस्ते?"

नेरीना दारात उभी होती. तिच्या खांद्यामागे आई येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास तिला मानेवर जाणवत होता.

"पेर्सोचा," तिच्या भावाने ओरडून सांगितलं, आणि त्याचा आवाज चिरकला. "ओरेस्ते बोस्कोलो पेर्सो."

"आलास होय," धुक्यातला म्हातारा म्हणाला. "मग आवाज देत राहा, पोरा. आम्ही येतोय."

आणि ओरेस्ते आवाज देत राहिला. नेरीना आत वळली आणि तिने कॉफी पुन्हा शेगडीवर ठेवली, या खेपेला मोठ्या भांड्यात.